बाबांच्या नावाने आत येणारा

मंगळवार, ४ तारीख
सकाळी साडेदहा

चिमण्या,

नाही रे बाबा, मी नाही. मला मोबाइलचा गजर बंद करता येत नाही, तो वाजून वाजून आपला आपण दमतो, आणि मी तुझ्या सर्व्हरमध्ये शिरणार? बाबांच्या नावाने शिरायचं म्हणशील, तर त्या नावाने मी चाळीस वर्षांपूर्वीच ह्या घरात शिरले. तेव्हा पासवर्ड लागत नव्हता.

असो. आधी रीत. तुला आणि सूनबाईला आशीर्वाद. माझं बरं आहे. गुडघा कुरकुरतो, पण घरात कोणीतरी बोलतंय तेवढंच समाधान.

तुझं पत्र काल मिळालं. चार पानं! शाळेच्या सहलीला गेलास तेव्हा एका ओळीचं कार्ड धाडलं होतंस, "पोचलो, डबा संपला." खालच्या शिंपीणबाईंनी पाकीट बघून विचारलं, "अगंबाई, मुलाचं पत्र? फोन असताना? कोणी गेलंबिलं का?" मी म्हटलं, गेलं नाही, आलंय. त्या अजून विचार करतायत.

फोनवर किंवा मेसेजात ह्यातलं अक्षर बोलायचं नाही, सगळं कागदावर, हे समजलं. आता मला कळलं तेवढं लिहिते, चुकलं तर कान धर. बाबांच्या कामाच्या खोलीत, म्हणजे दुकानात, तू जी काळी पेटी बसवलीस, तिच्यात बाबांनी भरून ठेवलेले आवाज आहेत, रेडिओ दुरुस्तीचे धडे. त्याच पेटीत तू डोळ्यांच्या दवाखान्याच्या नोंदींची एक प्रत ठेवतोस, आणि तिकडे बसून दुरून आत-बाहेर करतोस. आता पेटीच्या हजेरीवहीत तुला दिसलं, की वर्षभर रोज दुपारी सव्वाचारला कोणीतरी बाबांच्या नावाने, बाबांच्याच पासवर्डने आत येतं, वीस-पंचवीस मिनिटं थांबतं आणि जातं. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली.

पत्र परत पहिल्यापासून वाचलं. हसूही आलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, भूत असतं तर निदान सव्वाचारला आलं नसतं. त्या वेळेला ह्यांना चहा लागायचा, आणि चहा सोडून हे स्वर्गातसुद्धा गेले नसते.

पण तुझी चेष्टा करत नाही मी. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी वीस तारखेची मुदत दिलीय, बाहेरचं कोणी आत येऊ शकत नाही हे दाखवा, नाहीतर काम दुसऱ्याला देऊ, हे तू दोनदा लिहिलंयस. दुसऱ्यांदा लिहिताना पेन कागदातून आरपार गेलंय. तीन वर्षं घासून उभं केलेलं काम. मला कळतं रे. जेवतोस ना वेळेवर?

एक विचारू? तो येतो आणि करतो काय? काही नेलं का त्याने? दवाखान्याच्या कप्प्याला हात लावला का? हे तू चार पानांत कुठेच लिहिलं नाहीस. नुसता "घुसखोर घुसखोर." नीट बघून मला कळव.

तू विचारलंस, बाबांचा पासवर्ड कोणाकोणाला माहीत होता. बाबांना, मला आणि भिंतीला. ह्यांनी तो दुकानात फळीमागच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवला होता, जिथे हे गिऱ्हाइकांची नावं आणि रेडिओचे आजार लिहायचे. दुकानात येणारा कोणीही वाचू शकला असता. मी काल ओल्या फडक्याने पुसला. उशिरा सुचलेलं शहाणपण, पण पुसला.

तू म्हणालास तसं पेटीला स्क्रीन आणि कीबोर्ड जोडला. ती आपलीच पेटी आहे, मध्ये कोणी भामटा स्वतःची पेटी धरून बसलेला नाही, ह्याची ओळख पटवायला तिचा ठसा वाचून पाठव म्हणालास. वाचला. त्रेचाळीस अक्षरं. वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवलीत. लहान आणि मोठी अक्षरं दोन रंगांच्या शाईने लिहिलीत, म्हणजे तुला माझ्या इंग्रजीवर हसता येणार नाही. आमच्या गावच्या शाळेत मास्तर चौथीला इंग्रजी लिपी दाखवायचे आणि पाचवीत बदली होऊन जायचे. तेवढ्या भांडवलावर हे चाललंय.

आता पासवर्डऐवजी तू जी किल्ली धाडणार म्हणालास, ती येऊ दे. पण एवढी धावपळ करून घेऊ नकोस. वर्षभर ज्याने काही नेलं नाही, तो आठ दिवसांत काय नेणार?

तुझी
आई

*

सोमवार, १० तारीख
दुपार, भांडी व्हायचीत

चिमण्या,

मिळाला, मिळाला. पेनड्राइव्ह तीन पिशव्यांत गुंडाळून धाडलास, कांद्यासारखा सोलत बसले. शेवटी आत निघालं नखाएवढं. म्हटलं, ह्याच्यासाठी माणूस रात्रंदिवस झुरतो?

पण गंमत मला आवडली. ही किल्ली दोन भागांची. एक भाग पेटीतल्या यादीत लिहून ठेवायचा, तो चोराने वाचला तरी बिघडत नाही. दुसरा तुझ्याजवळ, तो बायकोलासुद्धा दाखवायचा नाही. तू दारात आलास की पेटी कोडं घालणार, तुझ्याजवळचा भाग ते सोडवणार, आणि पासवर्ड कोणी कोणाला सांगायचाच नाही. ह्यांना फार आवडलं असतं. हे म्हणाले असते, "आधी का नाही सांगितलंत गाढवांनो, मी भिंत कशाला रंगवली?"

तुझी ओळ यादीत घातली. पहिल्या दिवशी पेटीने तुला आत घेतलं नाही, त्यावर तू जे पत्र लिहिलंस, ते वाचून मला वाटलं मी पेटीत चहा सांडलाय. चूक माझीच होती. तुझा कागद परत वाचला, पाचवा मुद्दा. यादीत कोणालाही लिहिता येत असेल, तर पेटी त्या यादीवर विश्वासच ठेवत नाही. मी ती सगळ्यांना उघडी ठेवली होती. लहानपणापासून सवय, दार लोटलेलं असायचं. तू सांगितलेली आज्ञा टाकली, यादी एकट्या मालकाची झाली, आणि परवा संध्याकाळी तू आत आलास. हिरवा दिवा लुकलुकला तेव्हा मी स्क्रीनसमोर एकटी टाळ्या वाजवत होते.

पासवर्डचं दार अजून बंद केलेलं नाही. करते. तूच लिहिलंयस ना, नव्या दाराची नीट खात्री होईपर्यंत जुनं लावायचं नाही, नाहीतर मालकच बाहेर राहतो. मी खात्री करून घेतेय. डोळे दुखतायत जरा. अडुसष्ट अक्षरं एकेक करून टाइप करायची म्हणजे ह्या वयात शिक्षाच. ओ आणि शून्य, मोठा आय आणि लहान एल, सगळे जुळे भाऊ.

आता पुढचं. तुझ्या पत्रातला शेवटचा परिच्छेद मी उभ्याने वाचला आणि मग बसले.

तू लिहितोस, तो कुठून आत येतो त्याचे पत्ते शोधले. पाहुणा आज ह्या बंदरातून येतो, आठवड्याने दुसऱ्या बंदरातून, मग तिसऱ्या. म्हणजे टोळी आहे. सोमवारी सतरा तारखेला सगळे कागद घेऊन पोलिसांत तक्रार करणार, जो कोणी असेल त्याला खडी फोडायला पाठवणार.

घाई करू नकोस. ऐक माझं. मी तुला कधी काही मागितलंय? मागितलंय, हो, परवाच सुनेकडून लोणचं मागितलं. पण असं कधी मागितलं नाही. पोलिसांत एकदा कागद गेला की तो परत येत नाही. तू स्वतःच ह्या पत्रात लिहिलंयस, की त्याने दवाखान्याच्या कप्प्याला एकदाही हात लावलेला नाही, फक्त बाबांच्या आवाजांच्या कप्प्यात जातो. ऐकतो आणि जातो. अशी कुठली टोळी रे, जी चोरायला येते आणि रेडिओ दुरुस्तीचे धडे ऐकून जाते?

मी रोज सव्वाचारला त्या खोलीत जाऊन बसते आता. दिवा लुकलुकायला लागला की हातातलं काम तसंच राहतं. थांबला तरी उठवत नाही.

तू काय काय विचारलंस त्यातलं एक राहिलं. बाबांचं खातं पुसलं का? पुसते. उद्या.

आणि आता पत्रच लिहितेय तर एक लिहिते. थोरल्याचं नाव काढलं की तू फोन ठेवतोस. कागद ठेवता येत नाही, वाचावा लागतो, म्हणून इथे काढते. तुला त्याची आठवण येते का? तुमचं भांडण झालं नव्हतं. भांडण त्याचं आणि बाबांचं. "हल्ली रेडिओ कोणी दुरुस्त करत नाही, फेकतात," असं तो म्हणाला, आणि बाबा म्हणाले, "मग तू पण जा, मी बोलावीपर्यंत ह्या दारात येऊ नकोस." दोघांची एकच खोड, बोललेलं गिळता येत नाही. तो गेला. सहा वर्षं झाली.

तू नेहमीचंच म्हणशील, मला पाठ आहे. "ज्याला बाप मरताना रजा मिळाली नाही, तो माझा कोणी नाही." माहितीय. नको म्हणूस. मी फक्त विचारलं.

लोणचं पोचलं, तिला सांग. मीठ कमी आहे, हे सांगू नकोस.

तुझी
आई

*

शुक्रवार, १४ तारीख
सकाळी आठ, कुरियरवाला दहाला येतो

चिमण्या,

हो, मला माहीत होतं. पहिल्या पत्रापासून.

तुझं बुधवारचं पत्र हातात आहे. तीनच ओळी. "आई, तू काहीतरी लपवतेयस. माझी ओळ पेनड्राइव्हवरून आली होती, तुला अडुसष्ट अक्षरं टाइप करायची गरजच नव्हती. कोणाची केलीस?"

लहानपणी साखरेच्या डब्यातून चमचा कमी झाला की तू मला पकडायचास. सवय गेली नाही.

तुझ्या थोरल्या भावाची.

आता कागद फाडू नकोस, पुढचं वाच. सोमवारी तू पोलिसांत जाणार आहेस, माझ्याकडे दोनच दिवस आहेत. म्हणून आज थट्टा करणार नाही. केलीच तर ती घाबरल्यामुळे आहे असं समज. तुला माहीत नाही, मी घाबरले की जास्त बोलते. बाबांना माहीत होतं.

थोरला मालबोटीवर स्वयंपाकी आहे. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी बोट, ह्या बंदरात माल उतरवते, त्या बंदरात भरते. तुझी टोळी ती. कुठे असतो हे तू कधी विचारलं नाहीस, म्हणून मी कधी सांगितलं नाही. दुपारची भांडी आवरून रात्रीची चूल पेटवायच्या मध्ये त्याला अर्धा तास मिळतो. सव्वाचार ते पावणेपाच.

गेल्या वर्षी त्याने फोनवर विचारलं, "आई, बाबांचा आवाज कुठे आहे का ग? मला आठवेनासा झालाय." काय सांगणार होते मी? पासवर्ड सांगितला. फोनवर सांगितला, तेही चूक, मला माहितीय, तेव्हा तुझे नियम नव्हते. दवाखान्याचं काही तिथे आहे हे त्याला ठाऊक नाही, मलाही तेव्हा नव्हतं. मी त्याला एवढंच म्हटलं, बाबांच्या कप्प्यापलीकडे जाऊ नकोस. तो गेला नाही. तुझी हजेरीवही माझी साक्षीदार आहे.

तुला ते आवाज नीट ऐकायला वेळ मिळाला नसेल. मी ऐकलेत. बाबांनी दुकानातल्या जुन्या टेपासुद्धा त्यात घातल्यात. एकात बाबा ओरडतात, "उजेड इकडे धर, माझ्या डोक्यावर नको, डोक्यात काही बिघडलेलं नाही." आणि मागून थोरला म्हणतो, "धरलंय ना बाबा." बारा-तेरा वर्षांचा असेल. आवाज फुटायचा होता. आणि त्याच्या मागून तू रडतोयस, भूक लागली म्हणून. तो म्हणतो, "थांब चिमण्या, हे झालं की देतो." रोज ह्यातलंच काहीतरी ऐकतो तो. एवढी चोरी आहे त्याची.

आता मी काय केलं ते सांगते, म्हणजे तुला आत शिरून शोधत बसायला नको.

तू पासवर्ड बंद करायचे म्हणालास, तेव्हा त्याला कळवलं, तुझं दार आता बंद होणार. तो म्हणाला, "बरोबर आहे, चिमण्याचं काम आहे, बंद कर." एवढंच म्हणाला. भांडला असता तर मी बंद केलं असतं, खरंच. पण तो भांडलाच नाही.

मग मी म्हटलं, तुझ्या बोटीवर कोणी शिकलेला असेल त्याला विचार, दोन भागांची किल्ली कशी करतात, आणि यादीत लिहायचा भाग मला पत्राने पाठव. दुसरा कोणाला देऊ नकोस, माझ्या हातीही नको. त्याने तो भाग कागदावर लिहून पाठवला. अक्षर अजून तसंच, मुंग्या पळाल्यासारखं. तीन दिवस ती अडुसष्ट अक्षरं घातली. पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा चुकली. तिसऱ्यांदा शिंपीणबाईंना बोलावलं, त्या एकेक वाचत होत्या आणि मी टाइप करत होते. त्यांना सांगितलं, विम्याचा नंबर आहे. "केवढा विमा उतरवलाय हो!" म्हणाल्या.

बाबांचं खातं मी पुसलं नाही. त्या खात्याच्या यादीत त्याची एक ओळ आहे, शेवटी त्याचं नाव आहे. यादी फक्त मालकाला लिहिता येईल अशी केलीय, पाचवा मुद्दा. मग काल दुपारी तुझ्या दाराची आणि त्याच्या दाराची खात्री झाल्यावर पासवर्ड बंद केले. सगळ्यांचे, माझासुद्धा. सव्वाचारला तो किल्लीने आत आला. त्यानंतर दोन अनोळखी नावांनी दार ठोठावलं, कोणी "admin", कोणी "test", आणि पेटीने दोघांना बाहेरच्या बाहेर हाकललं. मी हजेरीवहीत वाचलं. तुझ्या डॉक्टरीणबाईंना दाखव. खरा बाहेरचा माणूस आता येऊ शकत नाही.

पण तुझ्या नियमाने थोरलाही बाहेरचा, आणि डॉक्टरीणबाईंसमोर तू खोटं बोलू नयेस असं मला वाटतं. दवाखान्याची प्रत दुसऱ्या पेटीत हलवता येते का बघ, मग ही पेटी नुसती घरची राहील. येत नसेल, तर थोरल्याची ओळ काढावी लागेल. तुला तिथे बसून ती एका आज्ञेत पुसता येते, माझी परवानगी लागत नाही, मला ठाऊक आहे. मी अडवू शकत नाही. पोलिसांत जायचं तर तेही तू जाशील, आणि मला विचारलं तर पासवर्ड मी दिला असं मी सांगेन.

फक्त, त्याचा राग मनात धरून ती पुसू नकोस. कारण तो राग चुकीच्या माणसावर आहे.

इथवर लिहून उठले, चहा केला, तो निवला, परत बसले. कुरियरवाला यायला पंधरा मिनिटं आहेत. आता नाही लिहिलं तर लिहिणार नाही.

बाबांना दवाखान्यात नेलं त्या आठवड्यात मी तुला म्हटलं होतं, दादाला फोन केला, तो म्हणाला रजा नाही. तू त्या दिवसापासून त्याला टाकलंस. मी बघत राहिले, दोन वर्षं. तुझ्या लग्नातसुद्धा त्याची खुर्ची नव्हती, आणि मी नवी साडी नेसून हसत होते.

मी फोन केलाच नव्हता.

डॉक्टर म्हणाले होते पंधरा दिवस आहेत. मला वाटलं, आठ दिवस त्याला थोडं झुरू दे. माझ्याशीही न बोलता गेला होता ना तो, पायरीवरून मागे वळून बघितलंसुद्धा नव्हतं. राग होता माझा, बाबांच्यापेक्षा मोठा. पंधरा दिवसांचे चारच निघाले. त्याला मी नंतर सांगितलं, सगळं अचानक झालं. तो अजून तेच धरून बसलाय, म्हणून आवाज ऐकतो.

आणि अचानक नव्हतं. ह्यांनी दोनदा म्हटलं होतं, थोरल्याला बोलाव. मी हो म्हटलं आणि बोलावलं नाही.

तुझी, आणि त्याचीही,
आई